आधी कोणतं काम घ्यायचं? : चिंचोक्यांचा हिशोब



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका शिवण केंद्राच्या ताईंनी विचारलं, "मॅडम, चार जणांचं काम एकदम आलं, तर पहिलं कोणाचं करायचं? ज्याचा फोन जास्त येते त्याचं करतो आम्ही." सगळ्या हसल्या, मी पण हसले. पण घरी येताना गाडीवर विचार करत होते की हसण्यासारखं यात काही नाही. आपल्या बहुतेक केंद्रांमध्ये असंच चालतं. ज्याचा आवाज मोठा, त्याचं काम आधी. म्हणून या अंकात याच प्रश्नावर लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातल्या एका केंद्राला मी म्हटलं होतं, "येईल ते काम घ्या, नाही म्हणू नका." ताईंनी घेतलं. जुलै महिना, रोवण्याचे दिवस. कामं चार आणि हातात बाया निम्म्या. रोज सकाळी आधीचं काम अर्धवट ठेवायचं आणि ज्याचा फोन आला त्याचं काढायचं. शेवटी एका गिऱ्हाईकाने माल परत केला. तीन रात्री जागून केलेलं काम वाया गेलं. पैसे कोणाच्या वाट्याचे कापायचे यावरून भांडण झालं आणि दोघी जणी गट सोडून गेल्या. त्या अजून परत आलेल्या नाहीत. ताई मेहनतीत कुठेच कमी पडल्या नव्हत्या. क्रम लावायची रीत नव्हती, आणि ती सांगायचं काम माझं होतं.

हा प्रश्न फक्त आपला नाही

मोठ्या कापड गिरणीत आणि तयार कपड्यांच्या कारखान्यात हाच प्रश्न रोज असतो. मशिनी ठरलेल्या, माणसं ठरलेली, ऑर्डरी जास्त. तिथे यासाठी वेगळा माणूस असतो, कॉम्प्युटर असतो. या शास्त्राला उत्पादनाचं वेळापत्रक लावणं म्हणतात. एकाच वेळी अनेक गोष्टी तोलून निर्णय घ्यायचा असेल तर त्या रीतीला बहुनिकष निर्णयपद्धती म्हणतात. नाव मोठं आहे, पण काम तुम्ही रोज करता. मुलीला स्थळ बघताना आपण फक्त जमीन बघतो का? मुलगा, घर, गावाचं अंतर, सासूचा स्वभाव, सगळं तोलतो. तेच हे.

आपल्या भंडारा जिल्ह्यात तर हे जुनंच आहे. आंधळगाव, मोहाडी इथले कोष्टी विणकर टसरचं म्हणजे कोशाचं कापड विणत आले. ढिवर समाजाच्या लोकांनी ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर किडे पाळायचे, त्या कोशांचं सूत काढायचं, मग ते मागावर चढायचं. करवत काठी साडीला भौगोलिक मानांकन आहे, हे तुम्हाला माहीत असेल. तिचा करवतीच्या दातांसारखा काठ तीन धोटे वापरून विणतात, म्हणून ती साध्या कापडापेक्षा सावकाश होते. आता विणकराने मागावर कोणता ताणा आधी चढवायचा? एकदा ताणा चढवला की तो मधेच काढता येत नाही. म्हणून तो सूत हातात किती आहे, गिऱ्हाईक कोण, सण कधी, हे सगळं आधीच तोलतो. कागदावर लिहीत नाही, पण हिशोब डोक्यात असतो.

आपल्या शिवण केंद्रात अडचण अशी की डोकी बारा आहेत. प्रत्येकीच्या डोक्यातला हिशोब वेगळा. म्हणून तो बाहेर काढून सगळ्यांसमोर मांडायला लागतो.

एका केंद्राचं उदाहरण

मागच्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला एका केंद्रात आम्ही हा हिशोब मांडून बघितला. आठ मशिनी, बारा ताई, कटिंगचं टेबल एक, ओव्हरलॉक मशीन एकच. समजायला सोपं जावं म्हणून असं धरलं की सगळं केंद्र एका वेळी एकच काम करतं. कामं आली ती या क्रमाने:

१. कापडी पिशव्या : ४ दिवसांचं काम, मुदत ८ व्या दिवशी.
२. शाळेचे गणवेश : ६ दिवसांचं काम, मुदत १२ व्या दिवशी.
३. टसरच्या ओढण्यांची किनार आणि पिको : ३ दिवसांचं काम, मुदत १० व्या दिवशी.
४. गावातल्या बायांचे ब्लाऊज : २ दिवसांचं काम, मुदत ५ व्या दिवशी.

एकूण काम १५ दिवसांचं, आणि सगळ्यात लांबची मुदत १२ दिवसांची. म्हणजे क्रम कसाही लावा, कोणाला तरी उशीर होणारच. हे आधी मान्य करायचं. "करून टाकू बाई कसंही" असं म्हणून १५ चे १२ होत नाहीत. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की उशीर कोणाला झालेला चालेल.

क्रम लावायच्या तीन सोप्या रीती आहेत. त्या लावून बघू.

पहिली रीत, जो आधी आला त्याचं आधी. पिशव्या ४ थ्या दिवशी, गणवेश १० व्या दिवशी, ओढण्या १३ व्या दिवशी, ब्लाऊज १५ व्या दिवशी. ओढण्यांना ३ दिवस आणि ब्लाऊजला १० दिवस उशीर. दिसायला ही रीत न्यायाची वाटते, पण गावातल्या बाया पुन्हा आपल्याकडे ब्लाऊज टाकतील का?

दुसरी रीत, लहान काम आधी. ब्लाऊज २, ओढण्या ५, पिशव्या ९, गणवेश १५. पिशव्यांना १ दिवस, गणवेशांना ३ दिवस उशीर. या रीतीने कामं पटापट हातावेगळी होतात, पैसा लवकर फिरतो. पण मोठं काम कायम मागे राहतं.

तिसरी रीत, ज्याची तारीख जवळ त्याचं आधी. ब्लाऊज २, पिशव्या ६, ओढण्या ९, गणवेश १५. यात फक्त गणवेशांना उशीर होतो, तोही ३ दिवस. कारखान्यांमध्ये ही रीत फार चालते, आणि सगळ्यात मोठा उशीर कमीत कमी ठेवायला ती खरंच चांगली आहे.

तिसरी रीत बघून अध्यक्ष ताई म्हणाल्या, "झालं तर मग, हेच करू." तेवढ्यात मागून एक ताई बोलल्या, "पोरं तीन दिवस जुन्या कपड्यांनी जातील त्याचं काय? माझा नातू आहे त्या शाळेत."

इथूनच खरं काम सुरू झालं. पिशवी एक दिवस उशिरा जाणं आणि पोराचा गणवेश एक दिवस उशिरा जाणं, तारखेच्या हिशोबात दोन्ही सारखे. आपल्या हिशोबात सारखे नाहीत.

गणवेशाचा विषय तर आपल्याला जवळचा. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत शिलाईचं काम माविमच्या बचत गटांकडे आलं होतं. त्या वर्षी राज्यात अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोचले. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यायचं ठरवलं. उशिराची कारणं अनेक होती, सगळी गटांच्या हातातली नव्हती. पण आता शाळेने आपल्याला काम द्यावं असं वाटत असेल, तर सांगितलेल्या दिवशी माल देणारा गट अशी ओळख आपणच तयार करायची आहे.

चार वाट्या आणि चिंचोके

आम्ही चार वाट्या मांडल्या. प्रत्येक वाटी म्हणजे एक निकष. अक्षर न येणाऱ्या ताईंसाठी वाटीसमोर चित्र ठेवलं.

पहिली वाटी (घड्याळ) : उशीर झाला तर किती नुकसान?
दुसरी वाटी (नोट) : पैसे किती लवकर हातात येतात?
तिसरी वाटी (कापड) : माल, धागा, मापं तयार आहेत का?
चौथी वाटी (बाईचा हात) : रोवण्याच्या दिवसात आपल्याला हे काम झेपतं का?

चौथी वाटी आधी नव्हती. ती मी मागून ठेवली, त्या गट सोडून गेलेल्या दोघींची आठवण ठेवून. ठेवली तेव्हा एक ताई म्हणाल्या, "आपल्या त्रासाचं काय मोजायचं, तो तर असतेच." पण असतोच म्हणून तो मोजायचा नाही, असं कसं? दिवसभर चिखलात वाकून रोवणा करून आलेली बाई संध्याकाळी नाजूक टसरवर शिलाई करते तेव्हा शिलाई वाकडी जाते. तोसुद्धा उत्पादनाचाच हिशोब आहे.

प्रत्येकीला १० चिंचोके दिले आणि सांगितलं, ज्या गोष्टीला जास्त महत्त्व वाटतं त्या वाटीत जास्त टाका. पहिल्या वेळी गंमत झाली. अध्यक्ष ताईंनी जिथे टाकले तिथेच सगळ्यांनी टाकले. मग वाट्यांवर रुमाल झाकला आणि एकेकीला आत बोलावलं. दुसऱ्या वेळी आलेला आकडा खरा. बारा जणींचे मिळून १२० चिंचोके असे पडले:

नुकसान ४८, पैसे ३०, माल २४, झेपणं १८.

१२० पैकी ४८ म्हणजे शंभरात ४०. तसंच पैसे २५, माल २०, झेपणं १५. याला निकषांचं वजन म्हणतात.

मग प्रत्येक कामाला प्रत्येक निकषावर १ ते ५ गुण दिले. ५ म्हणजे "हे आधी घ्यावं", १ म्हणजे "हे थांबू शकतं". गुण सगळ्यांनी मोठ्याने बोलून, वाद घालून दिले. गणवेशाला असे मिळाले: नुकसान ५, पैसे २ (बिल निघायला वेळ लागतो), माल ३ (अर्धंच कापड आलेलं), झेपणं ३. आता प्रत्येक गुणाला त्याच्या वजनाने गुणायचं आणि बेरीज करायची:

५ × ४० = २००
२ × २५ = ५०
३ × २० = ६०
३ × १५ = ४५
एकूण ३५५.

बाकीच्यांचे गुण त्याच क्रमाने असे. ब्लाऊज ३, ५, ५, ३, एकूण ३९०. ओढण्या ४, ३, ४, २, एकूण ३४५. पिशव्या २, ३, ५, ५, एकूण ३३०. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतं. तुम्ही स्वतः करून बघा, बेरीज जुळते का.

म्हणजे महत्त्वाचा क्रम आला : ब्लाऊज, गणवेश, ओढण्या, पिशव्या.

बेरीज झाली म्हणजे काम संपलं नाही

आता हा क्रम दिवसांवर लावून बघायचा. ब्लाऊज २ ऱ्या दिवशी, गणवेश ८ व्या, ओढण्या ११ व्या (१ दिवस उशीर), पिशव्या १५ व्या (७ दिवस उशीर). गणवेश आणि ओढण्या यांच्यात फक्त १० गुणांचा फरक आहे. एवढा लहान फरक कोणाच्या एका गुणानेही उलटतो. म्हणून दोघांची जागा बदलून बघितली. ब्लाऊज २, ओढण्या ५, गणवेश ११, पिशव्या १५. आता ओढण्या वेळेत, गणवेशही एक दिवस आधी. उशीर फक्त पिशव्यांना. शिवाय गणवेशाचं उरलेलं कापड यायला चार-पाच दिवस मिळाले.

पण पिशव्यांना ७ दिवस उशीर म्हणजे फार झाला. सचिव ताईंनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मला पोळ्याच्या आधी पाहिजे, आठ दिवस मी असेच सांगितले होते." पोळ्याला महिन्याच्या वर वेळ होता! म्हणजे कागदावरची प्रत्येक तारीख सारखी पक्की नसते. कोणती पक्की आणि कोणती "असेच सांगितलेली", हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि आपण विचारत नाही, कारण गिऱ्हाईक रागावेल अशी भीती वाटते. गिऱ्हाईक चिडतो तो मुदतीच्या दिवशी "झालं नाही" ऐकून. दहा दिवस आधी विचारलं तर बहुतेक वेळा रस्ता निघतो.

माझ्या मते या हिशोबाचा खरा फायदा हाच. उशीर कोणाला होणार हे पहिल्याच दिवशी कळलं, म्हणून फोन पहिल्याच दिवशी गेला.

पुढे सगळं कागदाप्रमाणे झालं असं नाही. नवव्या दिवशी पावसाने अर्धा दिवस लाईट गेली, दोघी ताई तापाने पडल्या. गणवेश ११ ऐवजी १२ व्या दिवशी संध्याकाळी पूर्ण झाले. पण मुदतीत झाले आणि रात्र कोणी जागली नाही. तेव्हापासून त्या ताई पंधरा दिवसांच्या वेळापत्रकात एक दिवस रिकामा ठेवतात.

तीन गोष्टी सांभाळा

एक. काही निकष गुणांचे नसतात, दरवाजासारखे असतात. कापडच आलं नसेल तर बाकी सगळीकडे ५ गुण मिळूनही काम सुरू होत नाही. म्हणून बेरजेच्या आधी विचारा : माल आहे का? माप आहे का? हे काम येणारी ताई गावात आहे का? उत्तर "नाही" असेल तर ते काम आजच्या यादीत घेऊच नका.

दोन. वजन कोण ठरवतं ते बघा. समजा चिंचोके फक्त पदाधिकाऱ्यांनी टाकले असते आणि पैशाला ४० आणि नुकसानीला २५ वजन आलं असतं. तर त्याच गुणांवर ब्लाऊज ४२०, पिशव्या ३४५, ओढण्या ३३०, गणवेश ३१० असा क्रम येतो. गणवेश एकदम शेवटी! गुण तेच, कामं तीच, फक्त वाटीतले चिंचोके बदलले. तेव्हा बेरीज कोणीही करू द्या, पण चिंचोके सगळ्यांनीच टाकायचे. मशीनवर बसणारीनेही, काजं-बटण करणारीनेही.

तीन. चारही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटल्या आणि चिंचोके टाकता येईनात, तर दोन-दोनची जोडी करून विचारा. नुकसान मोठं की पैसे? पैसे मोठे की माल? थॉमस साटी या गणितज्ञाने १९७० च्या दशकात अशा जोड्यांच्या तुलनेवरच एक मोठी पद्धत उभी केली आणि ती आज जगभर कारखान्यांत वापरतात. माणसाला चार गोष्टी एकदम तोलता येत नाहीत, पण दोनांत मोठी कोणती ते सांगता येतं. बाजारात भाजी घेताना आपण तेच करतो.

कटिंगवाल्या ताईंसाठी एक युक्ती

काम दोन टप्प्यांचं असेल, आधी कटिंग आणि मग शिलाई, तर क्रमाने वेळ वाचतो. १९५४ मध्ये जॉन्सन नावाच्या गणितज्ञाने याचा नियम मांडला. ज्याचं कटिंग सगळ्यात लवकर होतं ते पहिलं घ्या, ज्याची शिलाई सगळ्यात लवकर होते ते शेवटी ठेवा.

समजा शर्टाचं कटिंग अर्ध्या दिवसाचं आणि शिलाई २ दिवसांची. हाफ पँटचं कटिंग १ दिवस आणि शिलाई १ दिवस. आधी पँट कापली तर मशिनी पूर्ण पहिला दिवस रिकाम्या राहतात आणि सगळं काम ४ दिवसांत होतं. आधी शर्ट कापला तर अर्ध्या दिवसातच मशिनी सुरू होतात आणि काम साडेतीन दिवसांत संपतं. काही जास्तीचं न करता अर्धा दिवस वाचला. रोवण्याच्या दिवसात अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी.

पुढच्या बैठकीत काय करायचं

हातातली सगळी कामं फळ्यावर लिहा : किती दिवसांचं काम, मुदत कोणती. बेरीज करा आणि वेळ पुरतो की नाही ते आधी बघा. ज्याचा माल नाही ते बाजूला ठेवा. चार वाट्या मांडा, रुमाल झाका, चिंचोके टाका. गुण द्या, क्रम लावा, दिवसांवर ताडून बघा. ज्याला उशीर होणार दिसतो त्याला त्याच दिवशी फोन करा. क्रम भिंतीवर लावा. मग मधेच कोणाचा फोन आला तर "बघतो, करतो" म्हणायची गरज नाही, भिंतीवरचा दिवस वाचून सांगा. पंधरा दिवसांनी वजनं पुन्हा बघा, कारण रोवण्याचं वजन दिवाळीत चालणार नाही आणि दिवाळीचं मंडईच्या दिवसात चालणार नाही.

पहिल्या वेळी दोन तास लागतील. भांडणही होईल थोडं. होऊ द्या. वाट्यांसमोर झालेलं भांडण परवडतं, पैसे वाटताना झालेलं परवडत नाही.

तुमच्या केंद्रात करून बघितलं की चिंचोके कोणत्या वाटीत किती पडले ते मला नक्की कळवा. प्रभागसंघाच्या बैठकीत सगळ्या केंद्रांचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघू.

आपली,
क्षेत्र समन्वयक